सोपान मिस्त्रींचं क्लिनिंग

सोपान मिस्त्रींचे माझ्यावर उपकार आहेत, हे आधी लिहून टाकतो. काय झालं ते मागाहून सांगेन. मला क्रमानं लिहायची सवय नाही. शाळा सातवीतच सुटली, आणि हल्ली पाळी संपवून खोलीवर आलो की हात इतके जड झालेले असतात की पेन धरवत नाही. पण त्या माणसाचं नाव तरी आधी यावं. मधेच डोळा लागला तर निदान तेवढं लिहून झालेलं असेल.

मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं ते रजा मागताना. श्रीरामपूरच्या पुढे एका साखर कारखान्यात मी हंगामी खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागलो होतो. घर कोकणात, संगमेश्वराच्या आतल्या अंगाला. लांबच्या एका मामाच्या ओळखीनं तिथवर आलो. घरी आई आणि दोन लग्नाच्या बहिणी. ओळखीचं झाड नाही, ओळखीची माती नाही, रोज भाकरी खायची आणि भाताची आठवण काढायची, असे दिवस होते. उसाचा रस आटवायची उंच लोखंडी भांडी जिथं असतात त्या बॉयलिंग हाऊसमध्ये मला टाकलं होतं, आणि मिस्त्री तिथले जुने फिटर होते. ते साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले, वरच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, तिच्यातून वरच्या दातांची कवळी काढून तोंडात बसवली, आणि मग म्हणाले, "साहेब, उद्या न्हाई येनार. माझं क्लिनिंग हाय."

साहेब मान खाली घालून हसले आणि बरं म्हणाले. मला काहीच कळलं नाही. कारखान्यात क्लिनिंग म्हणजे काय ते मला नुकतंच समजलं होतं. रस आटवायच्या भांड्यांत शेकडो पितळी नळ्या असतात. गाळप चालू असलं की नळ्यांच्या आत दगडासारखा थर धरतो. त्याला आमच्यात स्केल म्हणतात. तो वाढला की वाफ वाया जाते, रस आटत नाही, सगळं अडतं. म्हणून दर काही आठवड्यांनी चालता कारखाना बंद करतात, माणसं भांड्यात उतरतात आणि लांब सळईला तारेचा ब्रश लावून एकेक नळी घासून काढतात. तो क्लिनिंगचा दिवस. मिस्त्री त्या कामाचे मुकादम. पण स्वतःच्या क्लिनिंगसाठी ते नगरला दातांच्या डॉक्टरकडे जात. वर्षातून दोनदा, एकदा बॉयलर पेटायच्या आधी आणि एकदा गाळप ऐन भरात असताना. काही दुखत नसताना.

सगळा कारखाना त्यांची टिंगल करी, कारण घासून घ्यायला त्यांच्या तोंडात फारसं उरलंच नव्हतं. वरचे सगळे गेलेले. खालचे पुढचे, आणि एका बाजूच्या दाढा, एवढीच शिल्लक. माझ्याच खोलीत राहणारा बबन, पाथर्डीकडचा, तो तर त्यांच्या तोंडावर म्हणायचा, "हीर आटली, आन मिस्त्री मोटंला त्याल लावत्यात." मिस्त्री चिडत नसत. म्हणत, "आटली म्हनूनच लावतो. भरल्या हिरीला कोन इचारतं?"

ती कवळी म्हणजे त्यांची एक खूणच होती. कामावर ती घालत नसत, रसात पडेल म्हणून. दिवसभर वरचा ओठ आत गेलेला, बोलणं फसफसणारं. पण मिस्त्रींचा हात वरच्या खिशाकडे गेला की आजूबाजूची माणसं हातातलं काम थांबवत. आता काहीतरी कामाचं बोलणार. भांड्यात माणूस अडकला तेव्हा, वाफेचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तेव्हा, आधी कवळी, मग हुकूम. बबन म्हणायचा, मिस्त्री दात घालून शिव्या देतात, बिनदातानं फक्त गप्पा मारतात.

आता माझं सांगतो.

क्वार्टर्सच्या मागे नळांची रांग होती. पहाटे तिथं सगळे हंगामी कामगार दात घासायला जमत. ब्रश कुणाकडे नव्हता. बॉयलरखाली उसाचा चोथा जळून जी राख पडते, ती अगदी मऊ, करडी, फुकट. डबाभरून आणायची आणि बोटानं खसाखसा घासायची. माझ्या घरी आईची मशेरी असायची, भाजलेल्या तंबाखूची. लहानपणी तिच्याच तळहातावरून मी ती दाताला लावायला शिकलो. तिथं राखेवर थोडी मशेरीही घ्यायचो. एक दिवस चूळ टाकली तर पाणी लाल. वाटलं राखेचा खडा लागला असेल. दुसऱ्या दिवशी तेच. मग उशीवर डाग दिसायला लागला.

ह्याच सुमारास बबननं मला सहज, जेवता जेवता, माझ्या कोपऱ्याची गोष्ट सांगितली. माझ्याआधी तिथं एकजण निजायचा. तो रक्त थुंकायला लागला. टीबी निघाला. खोलीतल्यांनी त्याची ट्रंक उचलून दाराबाहेर ठेवली, आणि हंगाम संपायच्या आधीच तो गेला. कुठं गेला, बबनला माहीत नव्हतं. "त्योच कोपरा हाय तुझा," असं म्हणून तो हसला. त्याच्या मनात काही नव्हतं. मी मात्र ताट बाजूला सारलं.

त्या दिवसापासून मी हिशेब जुळवायला लागलो. चोथ्याच्या धुळीनं सगळ्यांनाच खोकला असे. माझा खोकला मी वेगळा ऐकायचो. भीतीनं जेवण तुटलं, अंग उतरलं, आणि अंग उतरलं म्हणजे टीबीच, असं मनानं घेतलं. सगळ्यांच्या आधी नळावर जायचो आणि चूळ टाकली की दगडावर बादलीभर पाणी ओतायचो. माझा पेला वेगळा ठेवला. दात घासले नाहीत तर रक्त कमी दिसतं असं लक्षात आलं, म्हणून घासणंच सोडलं. तेच औषध समजलो. तोंडाला वास यायला लागला, तर माणसांशी तोंड फिरवून बोलायला लागलो. एवढीच काळजी होती की हे कुणाला कळू नये. कळलं की ट्रंक बाहेर, आणि ट्रंक बाहेर म्हणजे काम गेलं. मग छातीत रोग घेऊन आईच्या दारात उभं राहायचं, बहिणींच्या लग्नाच्या वेळी. मी इतका थकलो होतो की क्लिनिंगच्या दिवशी भांड्यात उतरल्यावर वर येऊच नये असं वाटायचं. आत अंधार असायचा आणि कुणी माझ्याकडे बघत नसायचं.

दुपारच्या सुट्टीत माणसं गव्हाणीपाशी, म्हणजे ऊस टाकतात तिथं, सावलीला बसत. कुणी ऊस सोलून खाई. मी टाळायचो. एक दिवस मिस्त्रींनी कांडं सोलून हातात दिलं. पोट बिघडलंय म्हणालो. ते म्हणाले, उसानं पोट सुधारतं. नाही म्हणायला कारण उरलं नाही. चावलं, चोथा थुंकला, आणि तो लाल होता. पांढऱ्या चोथ्यावर रक्त किती स्पष्ट दिसतं ते मी तेव्हा पाहिलं. पटकन त्यावर चप्पल ठेवली.

मिस्त्रींचा हात खिशाकडे गेला. पुरचुंडी सोडली, कवळी पाण्यानं ओली केली, बसवली.

"पाय काढ," म्हणाले.

मी पाय काढला नाही. त्यांनीच खाली वाकून माझा घोटा धरला आणि बाजूला केला. बराच वेळ त्या चोथ्याकडे बघत राहिले.

"कवापासनं?"

मी सांगितलं. सांगताना टीबी हा शब्दही तोंडातून निघाला. मला वाटलं आता हा माणूस मागे सरकेल, त्या कोपऱ्यातल्या माणसापासून सगळे सरकले तसा. ते पुढे सरकले. नळ्यांत बघायची बॅटरी कमरेला असायचीच. ती काढली आणि म्हणाले, तोंड उघड. माझ्या तोंडाच्या वासाची मला लाज वाटत होती. त्यांनी तोंड वळवलं नाही. गालात बोट घालून, वर खाली, आतून बाहेरून, एखादं भांडं तपासावं तसं बघितलं.

"दत्त्या, समद्या नळ्या चोंदल्यात तुझ्या," ते म्हणाले. "मला तर ह्यो स्केल वाटतो, टीबी न्हाई. पर मी फिटर हाय, डागदर न्हाई. माझ्या शब्दावर निजू नको. माझं क्लिनिंग सोमवारी हाय. चल माझ्यासंगं."

बबननं विचारलं तर त्याला काय सांगायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांग म्हाताऱ्याच्या नादाला लागलो.

सोमवारी आम्ही एसटीनं निघालो. त्या साली पाऊस हात आखडून पडला होता. राहुरी सोडल्यावर दोन्ही बाजूंची शेतं नुसती करपलेली. मिस्त्री खिडकीशी बसून तोंड बंद ठेवून झोपले होते. झोपेत कवळी पडू नये म्हणून ते नेहमी ओठ घट्ट मिटत. मी जागाच होतो. नगर जवळ यायला लागलं तशी मला परत फिरावंसं वाटायला लागलं. जोवर कुणी सांगितलं नाही तोवर टीबी नव्हता.

दातांचा दवाखाना एका बोळात, माडीवर होता. डॉक्टरीणबाई सडपातळ, चष्मा लावणाऱ्या, आमच्यासारख्याच दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी मिस्त्रींना आधी खुर्चीत बसवलं. मिस्त्रींच्या त्या उरल्यासुरल्या दातांवर त्यांनी जेवढा वेळ घालवला, तेवढा वेळ माझ्या सगळ्या आयुष्यात कुणी माझ्या कुठल्याच अवयवावर घालवला नव्हता. मग मला बसवलं. खोकला येतो का, ताप येतो का, वजन कमी झालं का, विचारलं. मी सगळ्याला होय म्हणत गेलो. त्यांनी तोंड बघितलं, लहानशा आरशानं मागच्या बाजूनंही बघितलं, आणि विचारलं, "दात शेवटचे कधी दाखवले होते?"

"कधीच नाही," मी म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, रक्त छातीतून येत नाही, हिरड्यांतून येतंय. दातांच्या मुळाशी कीटण साठलंय, त्यानं हिरड्या सुजल्यात, आणि घासणं सोडल्यामुळे आणखी वाढलं. तरी मनात किंतू राहायला नको, सिव्हिलला जाऊन छातीचा फोटो काढून घ्या. आणि ती राख आणि मशेरी आजपासून बंद. राखेनं दात झिजतात, तंबाखूनं हिरड्या जातात. मऊ ब्रश घ्या, आणि रक्त आलं तरी हलक्या हातानं घासायचं, सोडायचं नाही.

मग त्यांनी टोकाला वाकवलेली बारीक हत्यारं घेतली आणि खरवडायला सुरुवात केली. तो आवाज कानानं ऐकू येत नाही, कवटीच्या आतून येतो. माझ्या ओळखीचाच आवाज होता. मधूनमधून चूळ टाकायला सांगत, आणि भांड्यात रक्ताबरोबर काळे-पिवळे कपचे पडत. दगडासारखे. मी ते बघत राहिलो. नळीतून पडतात ते हेच. दाताचा भागच समजून मी ते इतकी वर्षं तोंडात बाळगले होते. अर्धं त्या दिवशी झालं, अर्ध्यासाठी पुढच्या आठवड्यात बोलावलं. सिव्हिलमध्ये फोटोही काढला. तो पुढच्या खेपेला मिळणार होता.

तो मधला आठवडा वाईट गेला. जीभ लावली तर दातांच्या मधे फटी. गार पाणी प्यालो तर झिणझिण्या. खालचे पुढचे दात बोटानं हलवले तर हलताहेत असं वाटे. खोलीत बबनला कळलंच. त्यानं कपाळाला हात लावला. सगळ्या क्वार्टर्समध्ये एकच म्हणणं, की दात उकरले की मुळं सुटतात, आता एकेक करून पडणार. एकानं तर माझे डोळे जातील म्हणूनही सांगितलं. मी मिस्त्रींकडे गेलो आणि म्हणालो, होते ते तरी धड होते, आता हलायला लागले. बोलताना माझा आवाज चढला असावा.

मिस्त्री भांड्याच्या तोंडाशी बसले होते. त्यांनी कवळी घातली नाही, म्हणजे ही त्यांना गंभीर गोष्ट वाटली नाही. बाजूला पडलेली एक जुनी नळी उचलून माझ्या हातात दिली. म्हणाले, "स्केल काढल्यावर नळी पातळ लागती का न्हाई हाताला? तू म्हनशील, मिस्त्रीनं नळी झिजवली. आरं, नळी तेवढीच हुती. भर हुती ती घाणीची. तुझं दात त्या घाणीच्या आधारानं हुभं हुतं. आता हिरडीच्या आधारानं हुभं ऱ्हातील. तिला थोडं दिस लागतील." मग म्हणाले, "मलाबी पैल्या टायमाला आसंच वाटलं हुतं. मी त्या बाईसंगं भांडलोय."

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी राहिलेलं काम केलं. मग सिव्हिलमध्ये गेलो. तिथल्या डॉक्टरनं फोटो उजेडावर धरला आणि दोन शब्द बोलला: छाती साफ. मी तिथंच ओट्यावर बसलो. मिस्त्री शेजारी बसले. थोड्या वेळानं उठून स्टँडवर आलो, चहा घेतला, आणि मी येताना सगळी वाट झोपलो. किती दिवसांनी झोपलो होतो ते झोपल्यावर कळलं.

पुढे हिरड्या घट्ट झाल्या. एक दिवस दुपारी मी आपणहून गव्हाणीपाशी गेलो, कांडं सोललं, चावलं, आणि चोथा तळहातावर घेऊन बघितला. पांढरा होता. मिस्त्री लांबून बघत होते. मी हात वर करून त्यांना दाखवला. त्यांनी नुसती मान हलवली आणि कामाला लागले.

ह्यानंतर माझं त्यांच्या घरी जाणंयेणं वाढलं. त्यांच्या घरात गयामावशी, म्हणजे त्यांची बायको, आणि ते दोघंच. मूळचे नेवाशाकडचे, जमीन भाऊ करायचा. गयामावशी माझ्याशी बोलताना तोंडावर पदर धरायच्या. मला वाटे परक्या माणसाची लाज. मग दिसलं की त्या नवऱ्याशी बोलतानाही धरतात. जेवायला सगळ्यांच्या मागून, भिंतीकडे तोंड करून बसत. आणि पाळीवर जाण्याआधी मिस्त्री रोज एक काम करत: भाकरी घेऊन, त्या जाड फिटरच्या बोटांनी तिचा बारीक चुरा करून, दुधात भिजवून झाकून ठेवत. मी ते बघितलं आणि विचारलं नाही.

त्यांनीच सांगितलं, क्लिनिंगच्या एका दिवशी, भांड्यातून वर आल्यावर. त्या दिवशी मात्र एवढी मोठी गोष्ट सांगताना त्यांचा हात खिशाकडे गेला नाही. फसफसत्या आवाजातच बोलले. कारखान्यात लागल्यापासून ते बॉयलरची राख घासायचे, तीत वरचे दात हलून गेले. ते त्यांना सोसलं. मावशी मशेरी लावायच्या, दिवसातून किती वेळा त्याला माप नव्हतं. एका उन्हाळ्यात त्यांची दाढ ठणकायला लागली. मिस्त्री तेव्हा कारखान्याची मोठी साफसफाई करत होते, सकाळी भांड्यात उतरायचं ते संध्याकाळी वर यायचं. म्हणाले, सुट्टी मिळाली की जाऊ. मावशीही म्हणाल्या, लवंग धरते, बरं वाटतंय. गाल सुजला, गळ्यापर्यंत सूज उतरली, पाणी गिळेना. सिव्हिलला नेलं तेव्हा जीव वाचला, पण दात राहिले नाहीत. तेव्हा मावशींची तिशीही उलटली नव्हती.

"कारखान्याची येक येक नळी मी बघितली," मिस्त्री म्हणाले. "घरातलं तोंड बघितलं न्हाई."

त्यांची स्वतःची कवळी डॉक्टरीणबाईंनी करून दिली. मावशीचीही करता आली असती. पण मावशी त्या खुर्चीत बसायला तयार नव्हत्या. मिस्त्रींनी मला नगरला नेलं, साहेबांच्या ड्रायव्हरला नेलं, आणखी दोघाचौघांना नेलं. एका माणसाला नेता आलं नाही.

हंगाम संपला. मिस्त्रींनी शब्द टाकला म्हणून मला उन्हाळी साफसफाईसाठी ठेवून घेतलं. पुढचा पावसाळा, बाहत्तर सालचा, कोरडाच गेला. विहिरी आटल्या, ऊस वाळला, येत्या हंगामात गाळायला काय उरणार हीच चर्चा. बॉयलर पेटायच्या आधी मिस्त्री म्हणाले, क्लिनिंगला चल. मी म्हणालो, आता काही दुखत नाही, रक्त नाही, एक दिवसाचा रोज कशाला बुडवू. त्यांनी खिशातून कवळी काढली, तोंडात बसवली.

"दुखंल तवा जायचं आसंल तर मंग दुखंल तवा जा. तवा माझी गरज न्हाई, तुझं दुखनंच तुला नेईल. मी नेतो ते न दुखनाऱ्याला."

मी गेलो. रस्त्याच्या कडेनं खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा लागल्या होत्या. त्यांत शेतकरी होते, बाया होत्या. डॉक्टरीणबाईंनी माझ्या मागच्या दाढेत एक बारीक भोक दाखवलं. मला कधी जाणवलंही नव्हतं. कारखान्यात दिवसभर येताजाता चिमूट चिमूट साखर तोंडात टाकायची सवय, तिचं फळ. त्यांनी तेवढंच साफ करून भरलं. म्हणाल्या, दुखायला लागल्यावर आला असतात तर काढावी लागली असती. ती दाढ आजही माझ्या तोंडात आहे. आत्ता लिहिताना जीभ लावून बघितली.

त्या हिवाळ्यात रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातली ज्वारी, आला. त्याची भाकरी वाळली की ताटात वाजायची. दूध तर कुठं मिळेना. मिस्त्री तीच भाकरी कुस्करायचे, पण ती चुरा होऊनही खड्यांसारखीच राहायची, आणि नुसत्या पाण्यात ती भिजत नसे. मावशी वाळायला लागल्या. एकदा मी त्यांच्याकडे थोडं ताक मिळालं ते द्यायला गेलो. मिस्त्री कामावर होते. मावशींनी पदराआडून मला विचारलं, "त्या बाईनं तुझं तोंड बगितलं तवा हसली का रं?"

नाही म्हणालो.

"नाक मुरडलं?"

"नाही, मावशी. शेवटचे कधी दाखवले, एवढंच विचारलं."

त्यांनी पदर आणखी पुढे ओढला. मग म्हणाल्या, "ह्यांच्यासंगं न्हाई जायची मी. ह्ये माझ्याकडं बगत्यात आन गप हुत्यात. ते बगनं सोसत न्हाई. तू येशील का संगं?"

येईन म्हणालो. कधी, विचारलं. "म्होरल्या साली बगू," असं म्हणून त्यांनी ताकाचं भांडं आत नेलं.

पुढलं साल माझ्या वाट्याला तिथं आलंच नाही. ऊस संपला आणि कारखाना लवकर थंडावला. हंगामी माणसांना घरी जायला सांगितलं. बबन त्याच्या गावाकडे खडी फोडायला गेला. माझ्यासाठी मिस्त्रींनी गुजरातेत, सुरतेकडच्या एका कारखान्यात त्यांच्या ओळखीच्या फिटरला निरोप धाडला होता. तिथं पाणी होतं, ऊस होता. कोकण श्रीरामपूरहून लांब होतंच, सुरतेहून आणखी लांब. पण काम होतं.

श्रीरामपूरच्या स्टँडवर मिस्त्री पोचवायला आले. गाडी लागल्यावर त्यांनी खिशातून पुरचुंडी काढली. मला वाटलं आता मोठं काहीतरी सांगणार. सांगितलं ते एवढंच, की तिथं गेल्यावर आधी दातांचा डॉक्टर हुडक, दुखायच्या आधी. मग त्यांनी कवळी परत काढली, रुमालात गुंडाळली आणि नुसत्या ओठांनी विचारलं, "तिला बोलून बघितलंस का कवा?"

मी म्हणालो, बोललो. मावशी माझ्याबरोबर नगरला येईन म्हणाल्या आहेत.

मिस्त्री गाडीच्या पाटीकडे बघत राहिले. बराच वेळ ती पाटी वाचत असल्यासारखे.

"मंग ये," म्हणाले.

मी इथं आलो त्याला काही हंगाम झाले. इथंही मी क्लिनिंगच्या टोळीत आहे. इथंही राख आहे, आणि राख घासणारी माणसं आहेत. वर्षातून दोनदा साहेबांसमोर उभा राहून मीही तेच म्हणतो, उद्या येणार नाही, माझं क्लिनिंग आहे, आणि इथलेही लोक हसतात. आता दोघं-तिघं माझ्याबरोबर यायला लागलेत. काही दुखत नसताना. आईची मशेरी मात्र सुटलेली नाही. लांबून काय सांगणार.

बहिणींची लग्नं झाली. आता घरचा भार थोडा हलका आहे, पण थकवा जात नाही, आणि रजा मागितली की हंगाम आडवा येतो. ह्या खेपेचं गाळप संपू दे. मी नगरची गाडी धरीन. कवळीला दोन-चार खेपा घालाव्या लागतात, मिस्त्रींच्या तोंडून ऐकलं होतं. तेवढी मोठी रजा काढीन. मावशींना घेऊन त्या बोळातली माडी चढेन. मिस्त्रींना खाली चहाच्या टपरीवर बसवून ठेवीन, म्हणजे मावशींना त्यांचं बघणं सोसावं लागणार नाही. त्या खुर्चीत बसल्या की शेजारी स्टुलावर मी बसेन आणि सांगेन, बाई फक्त शेवटचे कधी दाखवले एवढंच विचारतात, दुसरं काही नाही.

माझी ट्रंक दाराबाहेर गेली नाही, ती मिस्त्रींमुळे. ह्याची परतफेड दुसऱ्या कशानं होईल असं मला वाटत नाही. एक ना एक दिवस मी येतो, मिस्त्री. त्यानंतर भाकरी तुम्हाला कुस्करू देणार नाही.